लाल दाणा

त्या उन्हाळ्यात गायी कुंपणाचे खांब चाटायला लागल्या. लाकडात काय असतं? काही नाही. पण गवतच उरलं नाही की जीभ कशावर तरी फिरवावी लागते. जूनमध्ये एक सर आली, ती धूळ बसवण्यापुरती. त्यानंतर आभाळ असं ठणठणीत कोरडं राहिलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी हवामानावर बोलणंच सोडलं, आणि नेब्रास्कातला म्हातारा हवामानावर बोलायचा थांबला म्हणजे पाणी गळ्याशी आलं असं समजावं. मक्याची पानं सुरळी होऊन उभी होती. नाकतोड्यांना खायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी फावड्यांचे घामट दांडे कुरतडले.

वर्लिन टीमनच्या गायी तांबड्या, पांढऱ्या तोंडाच्या. त्याच्या आज्यानं दोन कालवडी आणल्या होत्या, त्यांचाच हा सगळा वंश. वर्लिन माणसांशी फार बोलत नसे, पण गायींशी दिवसभर बोलायचा. ऑगस्ट लागला तसा तो त्यांच्याशीही बोलेनासा झाला. बरगड्या मोजता येणाऱ्या जनावराला सांगणार काय?

एका सकाळी एक म्हातारी गाय टाकीपाशी बसली ती उठेना. वर्लिननं शेपटीकडून जोर लावला, त्याची बायको रेनी पुढून शिंगाशी लागली आणि सतरा वर्षांचा पोरगा कोल्बी पोटाखाली खांदा घालून तिला वर ढकलत राहिला. तिघंही शेणामातीनं माखले. गाय उठली, दोन पावलं चालली आणि परत बसली.

"विकून टाक आता निम्म्या," रेनी म्हणाली. "हाडं तरी विकली जातील."

"बाजारात गेलीयस का? अख्खी काउंटी तिथे जनावरं घेऊन उभी आहे. फुकट दिली तरी न्यायला कोणी नाही."

"मग चारा आण."

"कुठून? आकाशातून?"

कुठून ते दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या भागात त्या वर्षी हिरवं असं एकच शेत होतं, मर्व्ह ग्रोटेचं. त्याच्या बोअरला पाणी होतं आणि गोल फिरणारा फवारा रात्रंदिवस चालू होता. पैसे घेऊन लोक त्याच्या दारात उभे राहायचे, आणि तो त्यांना कॉफी पाजून परत पाठवायचा. चारा विकायचाच नाही, आपल्या माणसांना द्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं. आपली माणसं कोण, तेही तोच ठरवायचा.

कोल्बीनं गायीच्या तोंडाशी बादली धरली. तिनं पाण्यात नुसतं नाक बुडवलं.

"बाबा, मर्व्हकाका माझ्यामुळे देत नाहीयेत ना?" त्यानं वर न बघता विचारलं.

"बादली नीट धर," वर्लिन म्हणाला.

*

मर्व्ह ग्रोटे आमच्या चर्चच्या कंदील पथकाचा मुख्य. पोरांचं पथक. तंबू ठोकायचे, गाठी मारायच्या, नदीत पोहायचं, म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसायचा. आमच्या पिढीतला एकही माणूस नसेल ज्याच्या घरात पथकाचा कंदील नाही. साधा पत्र्याचा सगळ्यांना मिळतो, पितळी मात्र फार थोड्यांना. वर्लिनला पितळी मिळाला नव्हता. पोराला मिळावा म्हणून तो तीन हिवाळे त्याला मीटिंगला नेऊन गाडीत बसून राहिला होता.

पितळी कंदिलासाठी पोरानं गावाच्या उपयोगाचं एक काम करायचं असतं. कोल्बीनं कबरस्तानातली पवनचक्की दुरुस्त केली. कित्येक वर्षं ती नुसतीच करकरत होती. यानं वर चढून दातेरी चाक बदललं, खालचा पंप उपसला, नळ्या टाकल्या. म्हणून त्या कोरड्या वर्षी आमच्याकडे जिवंत माणसांची शेतं जळाली आणि मेलेल्यांवरची झाडं हिरवी राहिली.

काम झालं की पोराला पथकाच्या मंडळींपुढे उभं करतात आणि एक प्रश्न विचारतात. प्रश्न जुना आहे. "तुझ्या कंदिलाखाली काय अंधार आहे?" दिव्याखाली अंधार असायचाच, तो स्वतःच्या तोंडानं सांगावा, असा त्याचा अर्थ. पोरं काय सांगतात? कोणी म्हणतं, बापाच्या फ्रीजमधली बीअर चोरली. कोणी म्हणतं, गणितात कॉपी केली. मंडळी हसतात, पाठीवर थाप मारतात, झालं. तो प्रश्न खरा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

कोल्बीला कळलं नाही. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं, "मला मुली आवडत नाहीत. मुलगे आवडतात. हे मी लपवत होतो. दुसरं काही नाही."

कोणी हसलं नाही, आणि पाठीवर थापही पडली नाही. पुढच्या रविवारी अख्ख्या काउंटीला माहीत झालं होतं.

पथकाच्या वरच्या ऑफिसला कळवलं, तर त्यांनी हात झटकले. ज्या गावाचं त्यानं ठरवावं, आमची हरकत नाही, आग्रहही नाही. वरच्यांचं काय जातंय? शेजाऱ्याच्या तोंडाकडे रोज बघायचं असतं ते खालच्यांना.

वर्लिननं पोराला मारलं नाही, बोललाही नाही. त्या रात्री तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला आणि रडला. कशासाठी रडलो, हे त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. पोरगा त्याचा जीव होता. तो जन्मल्यावर वर्लिननं एका कालवडीच्या कानात त्याचं नाव सांगितलं होतं, इतका तो येडा झाला होता.

*

शनिवारी वर्लिन मर्व्हच्या शेतावर गेला. मर्व्ह फवाऱ्याच्या चाकाला ग्रीस भरत होता. अंगणापलीकडे हिरव्या चाऱ्याचे चौकोनी गठ्ठे छपरापर्यंत रचले होते.

"ये, ये. कॉफी घेणार?"

"नको. मर्व्ह, माझ्या गायी बसायला लागल्यात."

"ऐकलं मी." मर्व्हनं हात पुसले. "वर्लिन, खरं सांगू? तुझ्या पोराचा मी दुस्वास करत नाही. त्याला पोहायला मीच शिकवलंय. त्यानं तोंड बंद ठेवलं असतं तर मी स्वतःच्या हातानं त्याला कंदील दिला असता."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं त्यानं."

"विचारायची रीत असते, उत्तराचीही रीत असते. हे बघ, पथक खासगी आहे. सरकारचं नाही, शाळेचं नाही. हा चारा जसा माझा खासगी, तसंच. आत कोण यायचं ते आतल्यांनी ठरवायचं. यात कोणाचा अपमान नाही."

वर्लिन गठ्ठ्यांकडे बघत राहिला.

"उद्या दाणे टाकून पोरावर मत घ्यायचंय," मर्व्ह म्हणाला. "पोराचं नाव कटलं तर विषय संपला. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही, संध्याकाळी माझा ट्रक तुझ्या दारात. पण पोर राहिलं तर मी बाहेर, माझी पोरं बाहेर. निम्मं चर्च बाहेर पडेल आणि लोक म्हणतील टीमनांच्या घरानं फोडलं. मग मला आधी माझ्या बाजूच्यांना बघावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गायी त्यांच्याकडेही आहेत."

वर्लिन मान खाली घालून गाडीकडे निघाला. मर्व्हनं मागून हाक मारली, "पुढच्या वर्षी पोरगा कॉलेजला जाणारच आहे रे! एका वर्षाचा तर प्रश्न." हे मात्र खरं होतं, आणि वाटेत वर्लिन तेवढंच एक वाक्य चघळत आला. एका वर्षाचा तर प्रश्न. कंदील न मिळाल्यानं कोणी मरत नाही. गाय मरते.

घरी रेनी पोराचा पथकाचा सदरा इस्त्री करत होती. सायीच्या रंगाचा सदरा, खिशावर कंदिलाचं भरतकाम.

"काय म्हणाला मर्व्ह?"

"काही नाही. कॉफी घे म्हणाला."

"हरामखोर," रेनी म्हणाली आणि कॉलरवर इस्त्री दाबली. "उद्या बघूच. दाणे बंद मुठीतले असतात. तोंडावर गोड बोलून किती जण लाल टाकतात ते उद्या कळेल."

"बरेच टाकतील," वर्लिन म्हणाला. ते त्याला अगदी मनापासून वाटत होतं. निम्म्याहून जास्त.

*

दाण्यांची रीत आमच्या खापरपणज्यांची. कागद पेन्सिल कोणाला जमत नव्हती तेव्हाची. चर्चच्या तळघरात स्वयंपाकघर आहे, तिथे दार लोटून दोन वाडगे ठेवायचे. एकात पिवळा मका, जनावरांना घालायचा. दुसऱ्यात लाल, औषध लावलेलं बियाणं. पिवळा म्हणजे ठेवा. लाल म्हणजे काढा. घरटी एक माणूस आत जातो, एक दाणा मुठीत घेतो, तशीच मूठ मिटून हॉलमध्ये येतो आणि सगळ्यांसमोर सायीच्या जुन्या कॅनमध्ये टाकतो. झाकणाला भोक आहे, हात आत जाईल एवढं. तीन लाल निघाले की नाव कटतं. पूर्वी एक पुरे होता, पण तशानं पथकात कोणी उरेना, म्हणून तीन केले.

ते लाल औषध कोरड्या हाताला फारसं लागत नाही. ओल्या हाताला मात्र असं लागतं की साबण दमतो. मे महिन्यात, पेरणीच्या दिवसांत, आमच्या काउंटीत सगळ्यांचीच बोटं गुलाबी. चर्चमध्ये हात मिळवताना एकाचा रंग दुसऱ्याला. बायका टॉवेलांवरून, उशांवरून, पोरांच्या गालांवरून तो रंग घासत बसतात. कोणाला त्याचं काही वाटत नाही. ते आमच्या डोळ्यांना दिसतच नाही म्हणा ना.

रविवारी प्रार्थना झाली, सगळे तळघरात उतरले. खाली भट्टी पेटल्यासारखं होत होतं. बायकांनी बटाट्याचं सॅलड, हॅमचे सँडविच, खिम्याचे बन मांडले होते. कोणी फारसं खाल्लं नाही. ज्याच्यावर दाणे टाकायचे त्यानं पुढे खुर्चीवर लोकांकडे तोंड करून बसायचं असतं. कोल्बी बसला. सदरा कडक, केस ओले करून बसवलेले. त्याच्या गुडघ्यांवरचे हात मोठे होते, बापासारखे, आणि ते कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. बाकीच्या पोरांना बाहेर पाठवलं होतं.

पाळक लिंडग्रेन उभे राहिले. म्हणाले, दोन्ही बाजूंनी प्रेमानं बोलावं. मग खाली बसले, आणि पूर्ण मीटिंगभर तेवढंच बोलले.

मर्व्हनं कालचंच सांगितलं. पथक खासगी. आतल्यांचा हक्क. कोणाचा अपमान नाही.

"खासगी कसलं?" दूध गोळा करणाऱ्या गाडीवरचा एक जण मागून म्हणाला. "या तळघराची वीज आम्ही सगळे भरतो. पोरांचे तंबू केक विकून आणले, केक माझ्या बायकोनं केले. तेव्हा कोणी म्हणालं नाही, खासगी आहे, केक नको."

"केकचा काय संबंध?" मर्व्हनं विचारलं.

"खाल्लास तू. म्हणून विचारतोय."

थोडे लोक हसले. डर्क नावाचा तरुण बाप उठला. त्याचा धाकटा अकरा वर्षांचा, पथकात नवा. डर्क वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. "मला कोल्बीबद्दल काही म्हणायचं नाही," तो म्हणाला. "पण रात्री तंबूत पोरं एकत्र झोपतात. मी बाप आहे. मला झोप लागणार नाही. एवढंच."

रेनी उठली. वर्लिननं तिची बाही ओढली, ती तिनं सोडवून घेतली.

"डर्क, गेल्या शिबिरात तुझ्या पोरानं झोपायच्या पिशवीत केलं. माहितीय तुला?"

डर्क लाल झाला. "नाही."

"माहीत नाही, कारण पहाटे उठून ती पिशवी माझ्या पोरानं नदीवर धुतली, वाळवली, आणि कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. तुझ्याच पोरानं मला सांगितलं, रडत. आता तुला झोप लागायची नसेल तर नको लागू दे. पण कारण दुसरं शोध."

डर्क हळूच खाली बसला. कोल्बी जमिनीकडे बघत होता. आईनं ते सांगायला नको होतं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग अल्विना आजी उठल्या. आमच्यात सगळ्यात म्हाताऱ्या, ऐकायला कमी, म्हणून बोलणं मोठ्यानं. "माझा नवरा त्या झाडाखाली पडलाय," त्या म्हणाल्या. "झाड हिरवं आहे. बाकी मला काही कळत नाही. पण मर्व्ह, तू लहान होतास तेव्हा तुलाही हाच प्रश्न विचारला होता. मी इथेच बसले होते. तू सांगितलंस, शेजाऱ्याची कलिंगडं चोरली."

"बरं मग?"

"त्या वर्षी कलिंगडं आलीच नव्हती रे बाबा. गारपीट झाली होती. तू तेव्हाही खोटंच बोललास आणि आम्ही तुला कंदील दिला." हॉलमध्ये हशा उठला. आजी हसल्या नाहीत. "आता खरं बोलणाऱ्याला हाकला. पुढची पोरं काय शिकायचं ते बरोबर शिकतील."

मर्व्हचा जबडा घट्ट झाला. "बापाचं काय म्हणणं आहे?" त्यानं विचारलं. "वर्लिन अजून बोलला नाही."

सगळ्या माना वळल्या. वर्लिनच्या पाठीवरून घाम वाहत होता. कोल्बीनं पहिल्यांदा मान वर केली आणि बापाकडे बघितलं.

"मला काही बोलायचं नाही," वर्लिन म्हणाला. "दाणे टाका. संपवा."

कोल्बीनं मान परत खाली घातली. रेनी नवऱ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, याचा गळा भरून आलाय.

*

एकेक घर उठू लागलं. दार लोटायचं, मूठ मिटून यायचं, कॅनमध्ये हात. आत दाणा पडल्याचा टण्ण असा आवाज. टीमनांचं नाव घेताना पाळक जरा घुटमळले, त्यांनी टाकावा की नाही. अल्विना आजी खेकसल्या, "त्यांचंही घर आहे ना? दाणा त्यांचाही." रेनी उठायला लागली. वर्लिन तिच्या आधी उठला.

"मी जातो."

स्वयंपाकघरात तो एकटा होता. ओट्यावर दोन वाडगे. पिवळा बराच खाली गेल्यासारखा वाटत होता, पण तेवढं बघायला त्याचे डोळे जागेवर नव्हते. त्याला गरगरलं. त्यानं नळ सोडला आणि मनगटांवर पाणी घेतलं, तोंडावर मारलं. नळाला पाणी होतं, गार. घरच्या टाकीत तळाशी शेवाळलेलं पाणी उरलं होतं. ती म्हातारी गाय सकाळीही उठली नव्हती, आणि तिच्या मागे आणखी दोन बसल्या होत्या.

त्यानं हिशेब केला तो असा. लाल बरेच पडणार. मर्व्हचा, डर्कचा, मर्व्हच्या भावाचा, त्याच्या दोघा मेव्हण्यांचा. दहा तरी. पोराचं नाव कटणारच आहे. मग आपला एक त्यात गेला काय न गेला काय, ढिगात मिसळून जाईल. पण समजा लोक भिडेला पडले आणि थोडे कमी पडले, तर गायी गेल्या. आपला दाणा म्हणजे नुसती खात्री. पोराला कधी कळणार नाही. एका वर्षाचा तर प्रश्न.

ओला हात त्यानं लाल वाडग्यात घातला. बोटं दाण्यांत बुडाली, एक दाणा चिमटीत येईना, तो चाचपडत राहिला. मग मूठ मिटून तो बाहेर आला. कॅनपाशी पोचेपर्यंत मूठ इतकी आवळली होती की दाणा तळव्याला चिकटला. तो झटकून टाकावा लागला.

शेवटचं घर झालं. अल्विना आजींनी कॅन केकच्या ताटात उपडा केला आणि एकेक दाणा बोटानं बाजूला सारत मोठ्यानं बोलू लागल्या. "पिवळा. पिवळा. पिवळा. लाल. पिवळा."

वर्लिन वाट बघत होता. पिवळा, पिवळा. दुसरा लाल आला तेव्हा ताटातले दाणे निम्म्याहून कमी राहिले होते. पिवळा. पिवळा. डर्क कुठे गेला? मर्व्हचा भाऊ? पिवळा, पिवळा, पिवळा. रेनीनं त्याचा दंड गच्च धरला होता. तिला आशा वाटायला लागली होती, आणि तिची नखं त्याच्या मांसात रुतत होती.

ताट संपलं. "दोनच," आजी म्हणाल्या. कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. मर्व्ह पुढे झाला, त्यानं कॅन उचलून आत पाहिलं. ओलसर दाणा बुडाला चिकटला होता. त्यानं बुडावर थाप मारली तशी तो ताटात पडला.

आजींनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. त्या या वेळी मोठ्यानं बोलल्या नाहीत. "लाल," त्या म्हणाल्या.

कोल्बी खुर्चीवरून उठला. कोणी जागचं हललं नाही. मग वर्लिन गेला. त्याला दुसरं काही सुचेना. त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि घट्ट दाबला, पोराला धीर द्यायला की स्वतः उभं राहायला, कोण जाणे. "चल, बाळा," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला आणि त्याला खरंच रडू आलं. हात काढून घेऊन त्यानं डोळे बाहीला पुसले.

कोल्बी जिन्याकडे निघाला. लोकांनी वाट करून दिली. त्याची पाठ वळली तशी मागची कुजबुज एकदम थांबली. डर्कनं हळूच स्वतःचे तळहात पाहिले. अल्विना आजींनी वर्लिनकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. वर्लिनला वाटलं, लोकांना आपली दया येतेय. रेनी पुढे जाऊन गाडीचं दार उघडत होती.

*

घरी आल्यावर कोल्बीनं सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि जुना बनियन घालून टाकीकडे गेला. जनावरांना रविवार नसतो. वर्लिन कोठीकडे गेला. रेनीनं तो सदरा उचलला. परत कधी घालायचा नव्हता, तरी घामाचा सदरा तसाच ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. धुवायला टाकताना तिनं तो झटकला.

खांद्यावर चार बोटं होती, पाठीकडे गेलेली. पुढे अंगठा. गुलाबी.

तिनं ते नखानं खरवडून पाहिलं. हा रंग तिच्या ओळखीचा होता. दरवर्षी मे महिन्यात ती तो टॉवेलांवरून काढत होती. पण हा ऑगस्ट होता. ती सदरा घेऊन तशीच टाकीपाशी गेली.

"कोल्बी, तुझ्या खांद्यावर हात कोणी ठेवला होता?"

"बाबांनी."

"आणखी कोणी? आठव नीट. मर्व्हनं? पाळकांनी? जाताना कोणी थोपटलं असेल."

"दुसरं कोणी जवळ आलंच नाही, आई. का?"

सदरा पाठीमागे घ्यायला तिला जरा उशीर झाला. पोरानं पाहिला. त्यानं टाकीच्या नळाखाली धरलेली बादली भरून वाहू लागली आणि इतक्या मोलाचं पाणी पायांवरून धुळीत जात राहिलं, तरी दोघांनी नळ बंद केला नाही.

वर्लिन कोठीतून बाहेर येत होता. त्यानं सदरा पाहिला, मग स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला. तो जागच्या जागी थांबला. तोंड उघडलं, पण काय सांगणार? गायी, म्हणायचं होतं. ढिगात मिसळून जाईल असं वाटलं, म्हणायचं होतं. रेनी त्याच्यापर्यंत चालत आली.

"मी उठत होते," ती म्हणाली. "तू मला खाली बसवलंस."

एवढंच म्हणून ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज आला नाही. ती सदरा धूत नव्हती.

रस्त्यावर धूळ उठली. मर्व्हचा ट्रक फाटकातून आत वळत होता, छपराइतका उंच, हिरवा, दोऱ्यांनी आवळलेला. शब्दाला जागणारा माणूस. गायींना वास गेला आणि ज्या बसल्या होत्या त्यांतल्या दोन धडपडत उठल्या. सगळा कळप हंबरत कुंपणाला येऊन भिडला. मर्व्हनं हॉर्न वाजवला.

वर्लिन हलला नाही. तो हात तसाच पोटाशी धरून उभा होता. ते गठ्ठे परत पाठवावेत, असं त्याला वाटलं. वाटलं आणि गायींचा आवाज ऐकून ते वाटणंही विरलं.

कोल्बीनं नळ बंद केला. तो कोठीत गेला आणि खुंटीवरचे चामड्याचे हातमोजे घेऊन आला, दोन जोड. एक त्यानं स्वतःच्या हातात चढवला. दुसरा बापापुढे धरला.

"हातमोजे घाला, बाबा," तो म्हणाला. "मर्व्हकाका बघतील."

वर्लिननं हातमोजे घातले. मग दोघं बापलेक ट्रककडे चारा उतरवायला गेले.